सायकल कुठे चालवावी? : रूळ उखडलेल्या एका वाटेचा अभ्यास

हृदयविकाराच्या, मधुमेहाच्या किंवा नुसत्याच वाढत्या पोटाच्या रुग्णाला आपण सर्व डॉक्टर एक वाक्य हमखास ऐकवतो, "व्यायाम करा." त्यापुढे फार तर "रोज अर्धा तास" एवढी पुस्ती जोडतो. औषध लिहिताना आपण मात्रा, वेळ, जेवणापूर्वी की नंतर, किती दिवस, हे सारे लिहितो. व्यायामाची चिठ्ठी मात्र मोघमच राहते. अँजिओप्लास्टी झालेल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना मी सायकल चालवण्याचा सल्ला दिला, कारण गुडघेदुखीमुळे त्यांना फार चालणे जमत नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, सायकल उद्याच घेतो, पण चालवू कुठे?" त्यांच्या घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की चौपदरी रस्ता आणि त्यावर अहोरात्र मालमोटारी.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, आणि प्रश्न गैरलागू आहे असेही म्हणता येत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. तो करायला निघालेला साठीचा माणूस त्या दीड लाखांत मोजला जाऊ नये, अशी जागा दाखवणे हे सल्ल्याचेच अंग आहे, असे माझे मत आहे. ते कसे बनले, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे दूर, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यावे लागेल.

वाट आणि तिचा पूर्वेतिहास

२०१९ च्या सप्टेंबरात मी माझ्या एका वर्गमित्राबरोबर पिट्सबर्ग ते कंबरलँड ही सुमारे २४० किलोमीटरची वाट पाच दिवसांत सायकलने पार केली. 'ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज' हे तिचे नाव. मित्र तिकडेच स्थायिक झालेला भूलतज्ज्ञ, वय एकसष्ट, हृदयात दोन स्टेंट, रोज मेटोप्रोलॉल. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आणि सरावाने कमी. आम्ही दोघेही खेळाडू कधीच नव्हतो, हे आमच्या बॅचचे लोक आनंदाने सांगतील.

ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग आहे. रूळ आणि स्लीपर काढून त्यावर चुनखडीची बारीक खडी भुकटीसह पसरून दाबलेली आहे. रुंदी सुमारे तीन मीटर. पिट्सबर्ग शहरालगतचा भाग डांबरी आहे. पुढे खडीची वाट सुरू होते आणि मोटारींचा संबंध जवळजवळ संपतो. वाट एकामागून एक नदीचे बोट धरून वर चढते : प्रथम मनोंगाहेला, मग यॉकगेनी, मग कॅसलमन. दोन्ही बाजूंना ओक आणि मेपलचे दाट जंगल, डोंगराच्या कुशीतून काढलेली अरुंद सपाटी, खाली नदी, आणि नदीच्या पैलतीरावर आजही धावणाऱ्या मालगाड्या. मायर्सडेल गावाजवळ कॅसलमनचे खोरे ओलांडणारा ५८० मीटर लांबीचा उंच पूल आहे. ७२९ मीटर उंचीवर पूर्व खंडीय जलविभाजक लागतो. तेथून एका बाजूचे पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे तर दुसऱ्या बाजूचे अटलांटिककडे जाते. पुढे एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. बर्फाने अस्तर फुटू नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारे लावून घेतात. बोगद्यातून बाहेर पडल्यावर कंबरलँडपर्यंत उतारच उतार आहे.

निसर्गवर्णन करण्याचा माझा हेतू नाही, आणि ती शक्तीही नाही. वैद्याच्या नजरेला या वाटेवर आणखी काही दिसते. मॅकीस्पोर्ट येथे वाट मनोंगाहेला सोडून यॉकगेनीच्या खोऱ्यात शिरते. त्याच मनोंगाहेलाच्या वरच्या अंगाला डोनोरा हे गाव आहे. १९४८ च्या ऑक्टोबरात कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडून तेथे २० माणसे मेली, हे आपण सर्वांनी सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकात वाचलेले आहे. यॉकगेनीच्या काठाने आणखी पुढे गेले की डार कोळसा खाणीची जागा येते. १९०७ च्या डिसेंबरातील स्फोटात तेथे २३९ कामगार गेले. सोडून दिलेल्या खाणींतून झिरपणारे लोहयुक्त पाणी वाटेकडेच्या खडकांना अजून नारिंगी रंग देते. ज्या खोऱ्याने तीन पिढ्यांची फुप्फुसे काळी केली, त्याच खोऱ्यात आज माणसे श्वास मोकळा करायला येतात. कोळसा वाहण्यासाठी बांधलेला रेल्वेचा भराव मात्र तोच राहिला आहे.

हे आपोआप घडलेले नाही. वाटेचा डोंगरातील भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा होता. १९१२ साली सुरू झालेला हा मार्ग १९७५ मध्ये बंद पडला. पहिला तुकडा ओहायोपाइल येथे १९८६ मध्ये सायकलींना खुला झाला आणि अखेरचा तुकडा पिट्सबर्ग शहरात २०१३ मध्ये पूर्ण झाला. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. या काळात गावोगावच्या स्वयंसेवकांनी पूल दुरुस्त केले, लहान देणग्या जमवल्या, शेतकऱ्यांशी वाटाघाटी केल्या. पण त्यांच्या उत्साहाला पाठबळ मिळाले ते १९८३ च्या एका कायदेशीर दुरुस्तीचे. अमेरिकेत रेल्वेखालची जमीन पुष्कळदा शेतकऱ्याची असते आणि रेल्वेला केवळ वहिवाटीचा हक्क असतो. गाडी बंद झाली की हक्क संपतो, आणि अखंड पट्टीचे शेकडो तुकडे होतात. १९८३ च्या दुरुस्तीने अशी पट्टी भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवता येऊ लागली, आणि दरम्यान तीवर पायवाट व सायकलवाट करण्याची मुभा मिळाली. जमीनमालक न्यायालयात गेले; १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र भरपाई मागण्याचा मालकांचा मार्ग मोकळा ठेवला. एकदा तुकडे झालेली पट्टी पुन्हा जोडणे अशक्यप्राय असते, हे त्या लोकांनी वेळेत ओळखले.

चढाचे गणित

माझ्या मते या वाटेचे वैद्यकीय महत्त्व जंगलात नाही, शुद्ध हवेतही नाही. ते चढात आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी डोंगराला वळसे घालत, भराव टाकत, बोगदे खणत चढ कमी ठेवला. पिट्सबर्गकडून जलविभाजकापर्यंत सुमारे २०० किलोमीटरमध्ये वाट जेमतेम ५०० मीटर चढते, म्हणजे सरासरी पाव टक्का. कंबरलँडच्या बाजूने चढ अधिक आहे : सुमारे ३८ किलोमीटरमध्ये ५४० मीटर, पण तोही कोठे दोन टक्क्यांवर जात नाही.

आता हिशेब पाहू. स्वार ८० किलो, सायकल व सामान १८ किलो, एकूण ९८ किलो. पावणेदोन टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४७ वॅट लागतात, खडीवरील घर्षणासाठी २७ वॅट आणि वाऱ्यासाठी सहा. बेरीज ८० वॅट. सायकल अर्गोमीटरचे नेहमीचे सूत्र वापरले तर ही प्राणवायूची गरज दर किलोमागे मिनिटाला सुमारे १८ मिलिलिटर, म्हणजे पाच मेट होते. हा मध्यम श्रम झाला. बायपासनंतर पुनर्वसन पूर्ण केलेल्या बहुतेक रुग्णांना तो झेपतो.

हाच माणूस त्याच वेगाने सहा टक्क्यांच्या घाटरस्त्यावर नेला तर गुरुत्वाकर्षणाचाच वाटा १६० वॅट होतो. एकूण गरज १९० च्या पुढे, म्हणजे नऊ मेटहून अधिक. ब्रूस पद्धतीच्या ट्रेडमिल चाचणीत तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस जो श्रम होतो, त्याच्या जवळ आपण गेलो. आणि तो तीन मिनिटे नव्हे, तासभर. रस्त्यावरचा चढ रुग्णाला विचारून येत नाही. रेल्वेचा चढ मात्र शंभर वर्षांपूर्वीच कोणी तरी इंजिनाची दया येऊन मोजून ठेवलेला असतो. ती दया आज हृदयाच्या कामी येते.

मित्राच्या बाबतीत नाडी मोजून उपयोग नव्हता, कारण मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी श्रमाचे खरे माप देत नाही. अशा रुग्णांसाठी जुनी बोलण्याची कसोटीच उत्तम. सलग दोन वाक्ये दम न लागता बोलता आली तर श्रम मध्यम. शब्दाशब्दाला थांबावे लागले तर वेग कमी करावा. आमचा मित्र पाच दिवस अखंड बोलत होता. तेव्हा कसोटीला तो शंभर टक्के उतरला, असे मला साक्षीदार म्हणून प्रमाणित करावे लागेल.

हात, बैठक, गुडघा

खडीच्या वाटेवर चाक बारीक थरथरते. ही थरथर हॅण्डलमधून तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्यावर पोहोचते. तेथे गीयाँच्या नळीतून अल्नर मज्जातंतू जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या डाव्या करंगळीला मुंग्या आल्या आणि सदऱ्याचे बटण लावताना बोटे जरा अवघडली. मनगट मागे वाकवून त्यावर शरीराचा भार टाकून तासन्‌तास बसल्याचा हा परिणाम असतो. उपाय सोपे आहेत. हॅण्डल थोडे उंच करावे, दर दहा मिनिटांनी पकड बदलावी, गादीचे हातमोजे घालावेत. सर्वात महत्त्वाचे म्हणजे रुंद टायर घ्यावा आणि त्यात हवा बेताची भरावी. टायर दगडासारखा टणक फुगवला म्हणजे सायकल हलकी चालते, ही समजूत गुळगुळीत डांबरावर काही अंशी खरी असली तरी खडीवर टणक टायर प्रत्येक खड्याबरोबर उडतो आणि श्रम वाया जातो. चाळीस मिलिमीटर रुंदीचा, किंचित नरम टायर खड्याला पोटात घेतो. 'ग्रॅव्हल बाइक' नावाची जी महाग सायकल अलीकडे मिळते तिचे निम्मे रहस्य एवढेच आहे. साधी हायब्रिड सायकल रुंद टायर लावून तेच काम करते; आम्ही दोघांनी भाड्याच्या हायब्रिडच वापरल्या.

बैठकीच्या बधिरपणाविषयी रुग्ण संकोचाने बोलत नाहीत, म्हणून आपणच विचारावे. सीटचे टोक वर उचललेले असेल तर दाब बैठकीच्या हाडांवर न पडता मधल्या भागावर, प्यूडेंडल मज्जातंतूवर पडतो. मऊ, जाडजूड गादीने हा दाब कमी होत नाही, उलट वाढू शकतो. सीट समतल ठेवावे आणि अधूनमधून पेडलवर उभे राहावे. गुडघ्याच्या पुढच्या भागातील दुखणे बहुधा सीट फार खाली असल्याचे लक्षण असते. पेडल अगदी तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवण्याची रीत आहे. त्या रीतीने किती गुडघे सायकलपासून दुरावले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

औषधे आणि गोचीड

सपाट वाटेचा एक धोका असा की थकवा उशिरा जाणवतो आणि माणूस सहा सहा तास सायकल चालवतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी साखर केवळ वाटेत तपासून भागत नाही. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, त्यामुळे पहाटे तीनला साखर उतरू शकते. अशा दिवशी संध्याकाळची मात्रा कमी करणे आणि झोपण्यापूर्वी काही खाणे, हे आधीच ठरवून द्यावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उपाशीपोटी दीर्घ श्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ आणि दम ही लक्षणे थकव्यात खपून जातात, म्हणून रुग्णाला ती नावे घेऊन सांगावीत. नुसते साधे पाणीच लिटरांवर लिटर पिणेही बरे नव्हे, सोडियम उतरते. मीठ-साखर-लिंबाचे सरबत आपल्या आजीला ठाऊक होते, तेच चालते.

पेनसिल्व्हेनियात लाइम रोगाचे रुग्ण दरवर्षी मोठ्या संख्येने नोंदले जातात. काळ्या पायांची गोचीड वाटेच्या कडेच्या गवतात दबा धरून असते. मित्राचा नियम कडक होता : वाट सोडून गवतात बसायचे नाही आणि रोज रात्री एकमेकांची पाठ, काखा, गुडघ्यांच्या मागील बाजू तपासायची. ही गोचीड ३६ तासांहून अधिक काळ चिकटून राहिली असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देण्याची तेथे पद्धत आहे. आपल्याकडे लाइमऐवजी स्क्रब टायफसचा विचार करावा लागतो. पावसाळ्यानंतर झुडपांतून फिरून आलेल्या माणसाला ताप आला, तर कमरेच्या पट्ट्याखाली आणि काखेत काळी खपली शोधावी. औषध तेथेही डॉक्सीसायक्लिनच, पण एका मात्रेने भागत नाही.

आपल्या दाराशी

फ्रॉस्टबर्गपासून कंबरलँडपर्यंत त्या वाटेच्या शेजारून पर्यटकांसाठी चालवलेली जुनी रेल्वेगाडी धावते. एका ठिकाणी तर एकाच बोगद्यातून एका अंगाने गाडी व दुसऱ्या अंगाने सायकली जातात. ते पाहताना इंदूरच्या माणसाला पाताळपाणी आठवले नसते तरच नवल.

महू-खंडवा मीटरगेजचा इतिहास आपल्याला परका नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि होळकर स्टेट रेल्वे विंध्याचा घाट चढून इंदूरला आली. पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा घाट ४० ला १ अशा चढाचा, म्हणजे अडीच टक्के. वरचाच हिशेब लावला तर ताशी आठ किलोमीटर वेगाने तो चढायला ८० वॅटच्या आत शक्ती लागते. रेल्वेचा हा कठीण घाटसुद्धा सव्वा तासाच्या मध्यम श्रमात येतो. अर्थात, तेथे २०१८ च्या डिसेंबरात वारसा-गाडी सुरू झाली, रूळ जागेवर आहेत आणि ते तसेच राहावेत अशी माझीही इच्छा आहे. तेथील कडा अरुंद आहे, बोगदे एका रुळापुरते आहेत. कंबरलँडसारखी सोबत तेथे जमणार नाही.

माझा रोख कालाकुंडच्या खालच्या भागाकडे आहे. या मार्गावरची महू ते ओंकारेश्वर रोड मीटरगेज गाडी २०२३ च्या आरंभी बंद झाली. ब्रॉडगेजसाठी घाटात वेगळी, सौम्य चढाची आखणी केली आहे. त्यामुळे चोरल नदीच्या खोऱ्यातून बलवाड्याकडे जाणाऱ्या जुन्या पट्टीचा बराच भाग गाडीच्या उपयोगाचा राहणार नाही. साग, पळस आणि नदी, मोटारींचा मागमूस नाही, आणि चढ रेल्वेने मोजून ठेवलेला. शिवाय अमेरिकेत ज्या अडचणीपायी कायदा करावा लागला ती येथे नाही, कारण पट्टी मुळात रेल्वेचीच आहे. पण रूळ निघाले, खडी उचलली गेली आणि भराव जागोजागी फोडला गेला की आपल्याकडेही ती पट्टी पट्टी राहणार नाही.

जंगलातील प्रत्येक जुना मार्ग सायकलींना द्यावा असे मी म्हणणार नाही. याच मीटरगेजचा खंडव्याच्या पुढचा भाग धूळघाटच्या प्रसिद्ध वळशासह मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून अकोल्याकडे जात असे. २०१७ मध्ये तो बंद झाला आणि ब्रॉडगेज जंगलातून न्यावी की बाहेरून, यावर मोठा वाद झाला. ती पट्टी वाघांनाच परत मिळावी. तेथे आपल्या कोलेस्टेरॉलचा प्रश्न गौण आहे. चोरलच्या खोऱ्यातही बिबट्याचा वावर आहे. तेव्हा सूर्योदयानंतर उघडणारी व सूर्यास्तापूर्वी बंद होणारी, पावसाळ्यात पूर्ण बंद राहणारी वाट एवढेच मागणे रास्त ठरेल, आणि तेही वनखात्याच्या अटींवर.

मागणी करताना 'पर्यटनविकास' हा शब्द डॉक्टरांनी वापरू नये, असे मला वाटते. तो वापरणारे पुष्कळ आहेत. आपण वॅट आणि मेट यांच्या भाषेत बोलावे. त्यासाठी या पट्टीच्या चढाचा दर किलोमीटरचा आलेख हवा. रेल्वेची व वनखात्याची परवानगी मिळाली की येत्या थंडीत कालाकुंड ते चोरल हा टप्पा पायी मोजण्याचे मी योजले आहे. सोबत यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणाव्यात.